पॅकिंगवर आळ: चिंचोळीतल्या एका मेथॅनॉल टॉवरचं प्रकरण

तक्रार उत्पादन विभागाकडून आली नव्हती, ईटीपीकडून, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटकडून, आली होती. सोलापूर-पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीतला हा औषधांचा कच्चा माल बनवणारा कारखाना. मदर लिकरमधून, म्हणजे माल गाळून घेतल्यावर उरलेल्या द्रवातून, मेथॅनॉल परत काढायला तिथे एक पॅक्ड टॉवर, म्हणजे आत धातूच्या रिंगांचं पॅकिंग भरलेला ऊर्ध्वपातनाचा मनोरा, आहे आणि टॉवरच्या तळाचं पाणी ईटीपीच्या टाकीत जातं. या पाण्याचा सीओडी (त्यातल्या घाणीच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) एरवी लिटरमागे दीड हजार मिलिग्रॅमच्या घरात असायचा, तो चौदा-पंधरा हजारांवर जाऊन बसला. ईटीपीवरचे काका प्रॉडक्शन मॅनेजरला तोंडावर म्हणाले, "साहेब, पाणी कुठलं, तुमचं सॉल्व्हंटच यायलंय खाली. टाकी आंबायलीय माझी."

काकांचं म्हणणं आकड्यांत बसतं. १ ग्रॅम मेथॅनॉलच्या पूर्ण ऑक्सिडीकरणाला १.५ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. तळाच्या पाण्यात वजनाने १ टक्का मेथॅनॉल राहिलं तर लिटरमागे १०,००० मिलिग्रॅम मेथॅनॉल, म्हणजे १५,००० मिलिग्रॅम सीओडी. टॉवरने ०.१ टक्क्याच्या आत राहायला हवं होतं. ईटीपीच्या प्रयोगशाळेत हा आकडा रोज निघत होता, पण तो टॉवरच्या लॉगशीटवर कधी चढत नव्हता. दोन खात्यांच्या मध्ये अशी माहिती पडून राहते, तिचा शोध घ्यायला कुठलंही यंत्र लागत नाही.

टॉवरचं निदान करायला मला बोलावलं तोवर निकाल लागून गेला होता. पॅकिंग "बसलंय", ते काढून स्ट्रक्चर्ड पॅकिंग, म्हणजे पन्हळी पत्र्यांचं तयार पॅकिंग, टाकायचं. कोटेशन टेबलावर होतं आणि रक्कम लहान नव्हती.

टॉवरचा व्यास ५०० मिमी, अंग स्टेनलेस स्टीलचं, आत पॅकिंग म्हणून २५ मिमीच्या स्टीलच्या पॉल रिंग, म्हणजे खिडक्या पाडलेल्या छोट्या नळकांड्या. वरचा बेड ५ मीटरचा, खालचा ४ मीटरचा, दोन्हींच्या मध्ये फीड. फीड ताशी साधारण १,००० किलो, वजनाने निम्मं मेथॅनॉल आणि निम्मं पाणी. दाब वातावरणाचाच. ताशी ६५०-७०० किलो स्टीमवर टॉवर पूर्वी विनातक्रार चालायचा. तळ बिघडला तशी ऑपरेटरांनी स्टीम वाढवली. ती ७५० च्या आसपास गेली की टॉवर "भरायचा": डीपीचा, म्हणजे टॉवरच्या तळ-माथ्यातल्या दाबाच्या फरकाचा, काटा नाचायला लागायचा, माथ्यावरून ओलं मेथॅनॉल यायचं, मग स्टीम कमी करायची, की तळ पुन्हा खराब. रात्रपाळीत फीड कमी असायचं तेव्हा भरणं थांबायचं, पण सीओडी काही उतरायचा नाही. ही शेवटची गोष्ट कुणी तक्रार म्हणून सांगितली नाही. लॉगबुक चाळताना ती दिसली, आणि सगळ्या प्रकरणात सर्वांत कामाचा पुरावा तोच ठरला.

आधी मीटर तपासले

टॉवरचं निदान करायला बसलेला माणूस पॅकिंगच्या तक्त्यांत शिरतो आणि तिथेच अडकतो. ज्या आकड्यांवर हिशोब करायचा ते आकडेच खरे आहेत का, हे आधी पाहायला हवं. इथे तीन आकडे संशयास्पद निघाले.

पहिला रिफ्लक्सचा, म्हणजे माथ्यावरून परत टॉवरमध्ये सोडलेल्या मेथॅनॉलचा, रोटामीटर (नळीत फ्लोट किती वर चढतो त्यावरून प्रवाह दाखवणारं मीटर). त्याची पट्टी पाण्यासाठी आखलेली होती आणि आतून जात होतं गरम मेथॅनॉल, घनता ०.७५ च्या आसपास. स्टीलच्या फ्लोटला अशा हलक्या द्रवात उचलून धरायला जास्त प्रवाह लागतो. म्हणून पट्टीवर १,००० लिटर दिसतात तेव्हा प्रत्यक्षात जवळपास १,१७५ लिटर जात असतात, पण वजन भरतं फक्त ८८० किलो. लॉगशीटवर लिटर हेच किलो म्हणून उतरवले जात होते. रिफ्लक्स रेशो कागदावर एक आणि टॉवरमध्ये दुसरा. स्टीमचा खरा आकडा आम्ही रिबॉयलरच्या (तळाचं द्रव स्टीमने उकळवणाऱ्या भागाच्या) ट्रॅपनंतरचं कंडेन्सेट ड्रममध्ये धरून, वजन करून काढला. त्या मानाने स्टीमचं मीटर बरं निघालं.

दुसरा आकडा माथ्याच्या तापमानाचा, आणि यावर थोडं थांबायला हवं. एसओपीत, म्हणजे टॉवर चालवायच्या लेखी पद्धतीत, लिहिलं होतं: माथा ६४.७ अंशांवर ठेवा. मेथॅनॉलचा हा उत्कलनबिंदू पुस्तकी आहे, समुद्रसपाटीचा, ७६० मिमी पाऱ्याच्या दाबाचा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब ७२० मिमीच्या आसपास असतो. या दाबाला शुद्ध मेथॅनॉल ६३.३ अंशांना उकळतं. म्हणजे ऑपरेटर एसओपी तंतोतंत पाळून माथा १.४ अंश जास्त गरम ठेवत होता, आणि मेथॅनॉल-पाण्याच्या जोडीत माथ्यावरचा तेवढा फरक म्हणजे मालात वजनाने २ टक्क्यांहून थोडं जास्त पाणी. क्वालिटीवाले ओलाव्यासाठी पॅकिंगला शिव्या देत होते, तेव्हा त्यातला मोठा वाटा सेटपॉइंटचा होता. मुंबई-तारापूरकडे लिहिलेली एसओपी जशीच्या तशी घाटावर आणली की असं होतं. तळाचंही तेच, इथे पाणी ९८.५ अंशांना उकळतं. त्यात टॉवरच्या डीपीमुळे अर्धा-पाऊण अंश चढतो. तळाचं तापमान ९९ दिसलं की ऑपरेटरला वाटायचं अजून १ अंश बाकी आहे, आणि तो स्टीमचा व्हॉल्व्ह आणखी उघडायचा.

सेटपॉइंट खाली आणल्यावर माथा बराच सुधारला. कंडेन्सरची नळी गळून कूलिंगचं पाणी मालात येत असेल, ही शंका मालाची कंडक्टिव्हिटी पाहून तिथल्या तिथे मिटली, कारण इथलं पाणी इतकं क्षारयुक्त आहे की थोडं मिसळलं तरी आकडा लपत नाही. तळ मात्र होता तसाच राहिला.

तिसरा आकडा डीपीचा. अख्ख्या टॉवरला मिळून एकच ट्रान्समीटर होता. त्याच्या इम्पल्स लाइनमध्ये, म्हणजे दाब मीटरपर्यंत नेणाऱ्या बारीक नळीत, मेथॅनॉलची वाफ थंड होऊन द्रव साचत होता आणि लाइनच्या खोलगट भागात तो तसाच उभा राहत होता. शून्य सरकलं होतंच. शिवाय दोन बेड आणि मधला सगळा सरंजाम यांची बेरीज देणारं एकच मीटर बरोबर असलं तरी बिघाड कुठे आहे ते सांगू शकत नाही.

डीपी चढतो कुठे

टॉवरवर चार ठिकाणी टॅपिंग मिळाली: माथा, वरच्या बेडच्या खाली, तळ, आणि फीड डिस्ट्रिब्युटरच्या (द्रव बेडवर सारखं पसरवणाऱ्या तबकाच्या) बरोबर खाली एक जुना, ब्लाइंड लावून विसरलेला नोझल. हा चौथा नोझल सापडणं हे नशीब. या चार टॅपिंगमध्ये आम्ही यू आकाराच्या पारदर्शक नळीचे मॅनोमीटर लावले, रंगीत पाण्याचे. वाफ नळीत जाऊन थंड होऊ नये म्हणून प्रत्येक टॅपिंगवर नायट्रोजनची बारीक धार सोडली. मेथॅनॉलच्या टॉवरवर अशी उघडी नळी ही तात्पुरती चाचणीची सोय आहे. परमिट काढून, माणूस समोर उभा ठेवून ती वापरायची आणि काम झालं की उतरवायची.

६७० किलो स्टीमवर खालच्या बेडचा डीपी ९० मिमी पाणी, म्हणजे मीटरमागे साधारण २२. वरच्या बेडचाही मीटरमागे तेवढाच. या वाफेला, या द्रवाला, २५ मिमीच्या पॉल रिंगसाठी हा आकडा अगदी अपेक्षेतला. पॅकिंग क्षारांनी भरलेलं असतं किंवा रिंगा चेपून खाली बसल्या असत्या, तर मोकळी जागा कमी होऊन डीपी वाढलाच असता. कोटेशनची हवा इथेच निम्मी गेली.

मग स्टीम हळूहळू वाढवली. दोन्ही बेडचे डीपी वाफेच्या वर्गाच्या प्रमाणात, शांतपणे चढत गेले. ७५० च्या जवळ मीटरमागे २८ झाले आणि तिसरी नळी, डिस्ट्रिब्युटरची, जी तोवर काही मिलिमीटरवर स्वस्थ होती, ती आधी उसळली. तिच्यामागून वरच्या बेडचा डीपी चढला आणि झुलायला लागला. खालचा बेड सगळ्यात शेवटी.

पॅकिंग खरोखर फ्लड होतं, म्हणजे द्रवाने तुंबतं, तेव्हा डीपी किती असतो याचं किस्टर आणि गिल यांचं एक साधं सूत्र आहे: पॅकिंग फॅक्टरचा (प्रत्येक पॅकिंगसाठी तक्त्यात दिलेल्या आकड्याचा) ०.७ वा घात गुणिले ०.११५, उत्तर फुटामागे इंच पाणी. २५ मिमीच्या धातूच्या पॉल रिंगचा फॅक्टर ५६ धरला तर उत्तर मीटरमागे १६० मिमीच्या आसपास येतं. आमचा बेड २८ वर होता. तो फ्लडच्या जवळपासही नव्हता. अडवणूक बेडच्या बाहेर होती, डिस्ट्रिब्युटरवर.

तळाची पातळी वाढून रिबॉयलरच्या रिटर्न नोझलला बुडवत असेल तरी टॉवर अकाली भरतो, आणि हा आजार फार सर्रास आढळतो. म्हणून पातळी मुद्दाम वर-खाली करून लेव्हल ग्लास खरं बोलतोय का ते पाहिलं. बोलत होता. तसंही तो दोष असता तर खालचा बेड आधी हलला असता.

कुणीतरी गॅमा स्कॅनचा विषय काढला. पद्धत चांगली आहे: टॉवरच्या एका बाजूला कोबाल्ट-६० सारखा स्रोत, दुसऱ्या बाजूला डिटेक्टर, दोन्ही एकत्र खाली सोडत न्यायचे. जिथे द्रव जास्त तिथे किरण कमी पोहोचतात. अणुऊर्जा विभागाची नवी मुंबईतली ब्रिट ही संस्था अशी सेवा देते. मोठ्या टॉवरवर चार जीवांवरून स्कॅन घेतला की द्रव कुठल्या बाजूला झुकलाय तेही कळतं. पण ५०० मिमी व्यासात त्या चार जीवा एकमेकींना जवळजवळ खेटतात, आणि मॅनोमीटरने जागा दाखवून दिलेली होती. मी नको म्हटलं.

कोरडी बाजू

राहिला रात्रपाळीचा प्रश्न. कमी फीडवर टॉवर भरत नाही, तरी तळ खराब. म्हणजे भरणं हे एक दुखणं आणि वेगळं न होणं हे दुसरं, किंवा दोन्ही एकाच मुळाची. फीडच्या १ मीटर खाली टॉवरच्या चारही बाजूंनी इन्शुलेशनमध्ये खिडक्या पाडल्या आणि अंगाचं तापमान घेतलं. इन्फ्रारेड गन चकचकीत स्टीलवर नेमली की ती समोरच्या माणसाचं आणि आकाशाचं तापमान मिसळून सांगते. म्हणून त्या जागी काळा मॅट रंग मारला आणि शिवाय टेकवायचा थर्मोकपलही वापरला. उत्तर आणि पूर्वेला ७७-७८ अंश, दक्षिण-पश्चिमेला ९४. एकाच उंचीवर, अर्ध्या मीटरच्या टॉवरमध्ये.

फीड ७४-७५ अंशांना उकळतं. ७७ म्हणजे त्या बाजूने मेथॅनॉलने भरलेलं द्रव जवळजवळ तसंच खाली उतरतंय. ९४ म्हणजे तिथे द्रव थोडं, आणि त्यातलं मेथॅनॉल कधीच निघून गेलंय, वाफ मोकळीच वर चाललीय. भाकऱ्या वाढताना एका पंगतीला पाच-पाच आणि दुसरीला एकही नाही, तर सरासरी अडीच भरली म्हणून कुणाचं पोट भरत नाही. जिकडे द्रव दुपटीच्या जवळ गेलं तिकडच्या वाफेला त्यातलं मेथॅनॉल उचलणं पेलत नाही, आणि तळाच्या पाण्यात मिसळतं ते त्याच बाजूचं. स्टीम वाढवून यावर इलाज होत नाही, कारण वाढलेली वाफही मोकळ्या बाजूनेच जायला बघते.

आता टॉवर उघडायचा होता. फिटर मामांनी अट घातली: "गड्ड्याच्या आत उघडा, साहेब. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा लागली की माझी पोरं नंदीध्वजाच्या मागं जातेत, एक बी सापडायचं नाही." शटडाऊनची तारीख त्यावरूनच ठरली.

उघडल्यावर

५०० मिमीच्या टॉवरमध्ये माणूस उतरत नाही, म्हणून मधला बॉडी फ्लँज खोलून डिस्ट्रिब्युटर बाहेर काढायचा होता. तरी आत डोकं घालण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. मेथॅनॉलच्या वाफेची आठ तासांची मर्यादा २०० पीपीएम आहे, आणि तो नायट्रोजनही आत होताच. आधी पाण्याने धुणं, स्टीम-आउट, मग हवा खेळवून ऑक्सिजन आणि वाफ मोजणं हे सगळं झाल्याशिवाय कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे सपाट तबक: तळाला ६ मिमीची २४ भोकं, वाफ वर जायला १५० मिमी उंचीचे रायझर. २४ पैकी १० भोकं पूर्ण बुजलेली, सगळी उत्तर-पूर्वेला नव्हे, दक्षिण-पश्चिमेला, जिथे फीडचा पाइप तबकावर सरळ आदळत होता त्याच्या विरुद्ध टोकाला. गाळ वाहत जाऊन तिकडे बसला होता.

हिशोब तिथेच पुठ्ठ्यावर केला. खालच्या बेडला ताशी साधारण १.९ घनमीटर द्रव जायचं. २४ भोकं उघडी असताना तेवढ्यासाठी तबकात ८० मिमी उंची लागते. भोकातला प्रवाह उंचीच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणून १४ भोकांतून तेवढंच द्रव न्यायला उंची २४ भागिले १४ च्या वर्गाने वाढते: ८० ची होते २३५. रायझर १५० चे. द्रव रायझरमधून ओसंडतं, खालून येणारी वाफ त्याला धडक देते, फवारा उडून वरच्या बेडमध्ये जातो, आणि टॉवर "भरतो". दिवसा ६५० वर द्रव ओसंडायचं तरी वाफ त्याला कशीबशी खाली जाऊ द्यायची, ७५० वर तेही बंद. स्टीम वाढवली की रिफ्लक्स वाढतो, रिफ्लक्स वाढला की तबकातली उंची वाढते. इलाजच दुखणं वाढवत होता. रात्री द्रव ६० टक्क्यांवर आलं की उंची ८५ मिमीवर उतरते. ओसंडणं नाही, भरणं नाही, पण १० भोकं बंदच, म्हणून कोरडी बाजू कायम. लॉगबुकातलं कोडं सुटलं.

पॅकिंग? रिंगा थोड्या पिवळट झालेल्या, वरच्या थरात थोडा गाळ. बाकी जशा टाकल्या तशा.

भोकातला दगड पांढरट-तपकिरी होता. त्यावर ॲसिडचा थेंब टाकला की फसफसायचा: कार्बोनेट. मग फीडच्या मागे गेलो. आम्लधर्मी मदर लिकर पूर्वी कॉस्टिकने, सॉफ्ट पाण्यात उदासीन करायचे. पाण्याची टंचाई असताना केव्हातरी सोडा ॲश आणि बोअरचं पाणी वापरायला सुरुवात झाली होती. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, त्यात सोडा ॲश पडला की खडू बनणारच, आणि मेथॅनॉलमुळे क्षारांची विद्राव्यता आणखी घटते. हा खडू अडवायला फीड पंपानंतर स्ट्रेनर होता. त्याची जाळी स्टोअरमध्ये सापडली, नवीकोरी वाटावी अशी. ती पाळीगणिक चोक व्हायची म्हणून कुणीतरी काढून ठेवली होती. ऑपरेटरला दोष देणं सोपं आहे. एकच स्ट्रेनर, बायपास नाही, जाळी धुवायची तर टॉवर थांबवायचा, आणि टॉवर थांबला तर त्यालाच बोलणी. मी त्याच्या जागी असतो तर मीही काढली असती. पण फीडमध्ये काहीतरी बदललंय हे सांगणारं सगळ्यात स्वस्त यंत्र ती जाळी होती.

जगभरच्या टॉवर-बिघाडांच्या शेकडो प्रकरणांचा हिशोब हेन्री किस्टर यांनी मांडला आहे, आणि त्यात चोकअप पहिल्या क्रमांकावर आहे. तरीही प्लँटमध्ये पहिला आळ पॅकिंगवर जातो, कारण टॉवर म्हटलं की डोळ्यांपुढे पॅकिंगच येतं आणि विकायला येणारेही तेच विकतात.

दुरुस्ती

तबक सायट्रिक ॲसिडमध्ये भिजवून साफ केलं. हायड्रोक्लोरिकचा आग्रह झाला, लवकर होतं म्हणून, पण स्टेनलेसला क्लोराइडची गाठ घालून द्यायची नाही. तळाची भोकं बुजवून त्या जागी उभ्या छोट्या नळ्या बसवल्या, भोकं तबकाच्या तळापासून २५ मिमी वर, म्हणजे गाळ खाली बसेल आणि भोकं मोकळी राहतील. फीडचा पाइप आडवा करून त्याला छिद्रं पाडली, जेणेकरून धार एका जागी आदळू नये. बसवण्याआधी तबक अंगणात स्टँडवर ठेवून, गवंड्याच्या लेव्हल पाइपने समतल करून, पाणी सोडून प्रत्येक नळीचं पाणी वेगवेगळ्या भांड्यात मोजलं. दोन नळ्या कमी देत होत्या, आत वेल्डिंगचा मणी होता. टॉवरच्या आत बसवताना सपोर्ट रिंगही ८ मिमी कलती निघाली, शिम घालून सरळ केली. भरपूर लोडवर ८ मिमी फारसं नडत नाही, पण रात्रीच्या कमी उंचीवर नडलं असतं.

स्ट्रेनर आता दुहेरी आहे, जाळी २ मिमीहून बारीक, आणि दोन्ही बाजूंच्या दाबाचा फरक लॉगशीटवर लिहिला जातो. त्याच्या शेजारच्या रकान्यात ईटीपीचा सीओडी.

सुरू केल्यावर ६७० किलो स्टीमवर तळाचा सीओडी दीड हजारांच्या आत आला. चारही खिडक्यांमधलं तापमान दोन-तीन अंशांच्या फरकात. स्टीम ८०० पर्यंत नेऊन पाहिली, नळ्या शांत. स्ट्रक्चर्ड पॅकिंगचं कोटेशन खरेदी विभागाने फाइल केलं. वरचा बेड मात्र माझ्या हिशोबापेक्षा अजूनही थोडा कमी काम करतो. रिफ्लक्स डिस्ट्रिब्युटर त्या वेळी उघडला नव्हता, मामांची पोरं तोवर यात्रेला गेली होती.

कार्बोनेट मुळात बनतंच आहे, त्यामुळे स्ट्रेनर अजून पाळीगणिक भरतो. न्यूट्रलायझेशनसाठी सॉफ्टनर बसवायचं ठरलंय. तोवर एक बास्केट लाइनमध्ये आणि दुसरी सायट्रिकच्या टबात, असं चाललंय.